आबांचा डावा कान

कानाच्या डॉक्टरांकडे जायला आबा तयार झाले ते शेजाऱ्यांमुळे. नांदेडला आमच्या गल्लीत भिंतीला भिंत लागून घरं आहेत, आणि आबांच्या टीव्हीवरच्या बातम्या तीन घरं ऐकत. पलीकडच्या चाची एकदा हसत हसत मायला म्हणाल्या, "भाभी, हमारेकू अब टीवी लेने की जरूरतच नै." आबांना ते ऐकू आलं नाही, पण माय हसली नाही हे दिसलं. त्यांनी दुसऱ्या दिवशी मला फोन केला आणि म्हणाले, "शनिवारी ये. कान दाखवून घेऊ."

मी भोकरला शाळेत शिकवते. शनिवारी सकाळची शाळा करून दुपारच्या बसनं नांदेडला आले आणि दोघांना घेऊन दवाखान्यात गेले. मायचं तसं काही काम नव्हतं. पण ती पिशवीत पाण्याची बाटली आणि आबांचा मफलर घेऊन दारात उभीच होती. आबा कुठल्याही दवाखान्यात गेले की ती सोबत जायची आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर गप्प बसायची.

काचेच्या खोलीत आबांना बसवलं. कानावर हेडफोन, हातात एक बटण. आवाज आला की बटण दाबायचं. बाहेरून मशीन चालवणारी मुलगी पंचविशीतली असेल. उजव्या कानाचं झालं, आबांनी बऱ्याच वेळा बटण दाबलं. मग डाव्या कानाचं सुरू झालं आणि आबांचा अंगठा हललाच नाही. मुलीनं आवाज वाढवला. आणखी वाढवला. मग उठून वायर नीट आहे का ते बघितलं. आबा आत शांतपणे समोर बघत बसलेले. त्यांना माहीत होतं की काही ऐकू येणार नाही.

डॉक्टरांनी कागद बघितला आणि म्हणाले, "उजवा कान वयानं कमी झालाय, मशीन लावलं की भागेल. पण डाव्यात काहीच नाही. आणि हे आत्ताचं दिसत नाही, फार जुनं आहे. काका, काय काम करायचात तुम्ही?"

"टँकवर ड्रायव्हर होतो," आबा म्हणाले.

"लढाईत?"

"हाव. एकाहत्तरला. तवाच गेला हा कान."

इतक्या सहज म्हणाले. कुणी गाव विचारावं आणि आपण सांगावं, तसं. मी पन्नाशी ओलांडलेली बाई. एवढी वर्षं ह्या माणसाची मुलगी आहे. मी त्यांच्याकडे बघतच राहिले. मग मायकडे बघितलं. तिच्या मांडीवरची पिशवी खाली पडली होती आणि बाटली घरंगळत डॉक्टरांच्या टेबलाखाली गेली होती. ती उचलायला ती वाकली नाही.

लढाईबद्दल आबा आम्हाला कधी फार सांगत नसत. लहानपणी विचारलं की टँकला किती डिझेल लागतं, पट्टा तुटला की किती माणसं लागतात, इंजिनाच्या गरम पत्र्यावर डबे ठेवून जेवण कसं गरम करायचे, एवढंच. त्या दिवशी डॉक्टरांना मात्र त्यांनी सांगितलं. डॉक्टर अनोळखी होते म्हणून असेल.

"आमच्या टँकला ड्रायव्हर म्होरं, उजव्या अंगाला बसतो," आबा म्हणाले. "नळी डाव्या अंगाला, डोक्याच्या वर. झाकण लावून चालवायचं असलं की भिंगातून बघायचं. त्या दिवशी धुळीनं भिंग पार आंधळं झालं. म्होरं नाला हाय का बांध हाय, काय दिसंना. मी झाकण उघडून डोकं वर काढलं. टोपाचं डाव्या कानावरचं गादीसारखं असतं ते फाटून गेलतं. अन् वरून तोफ उडाली. आमचीच."

"मग तेव्हा दाखवलं नाही?"

"दाखवलं असतं तर टँकवरून खाली उतरवलं असतं साहेब. भांडारात बसवलं असतं. मी तेवीस वर्षांचा न्हवतो झालो. तीन जणं माझ्या भरवशावर आत बसायची." मग म्हणाले, "तपासणीला मागं उभं ऱ्हाऊन कुजबुजायचे. एक कान झाकायला सांगायचे. डाव्याची पाळी आली की मी उजव्यावर हात ठेवायचो, पन दाबायचो न्हाई."

डॉक्टर हसले. मी वाकून मायची पिशवी उचलली आणि टेबलाखालची बाटली तिच्यात घातली.

ऑटोत आम्ही तिघं मागं बसलो. आबा डाव्या टोकाला. आणि तिथं माझ्या लक्षात आलं की आबा नेहमीच डाव्या टोकाला बसतात. ऑटोत, लग्नाच्या पंगतीत, शाळेच्या गॅदरिंगला. डावीकडे भिंत, खांब किंवा मोकळी हवा. रस्त्यानं चालताना मध्येच थांबून बाजू बदलायचे, मला वाटायचं गाड्यांपासून आम्हाला आत घेतायत. आमच्या गावात, जळकोटपासून थोडं आत, लोक त्यांना घमेंडी म्हणायचे. फौजी झाला, हाक मारली तर बघत नाही. आबा बघत नव्हते, कारण हाक चुकीच्या बाजूनं आली होती.

फौजेतून आल्यावर आबांनी नांदेडला एका कॉलेजची बस चालवली, बरीच वर्षं. बसमध्ये ड्रायव्हर उजवीकडे, म्हणजे सगळी बस त्यांच्या डाव्या अंगाला. त्यांनी पदरचा एक मोठा आरसा आत लावून घेतला होता. पोरं म्हणायची, काका आमच्यावर नजर ठेवतात. दहावीचा निकाल लागला त्या दिवशी मी शाळेतून पळत त्यांच्या बसथांब्यावर गेले, पायरीवर चढले आणि डावीकडून म्हटलं, "आबा, मी वर्गात पहिली आले." गाडी चालू होती, आबा रस्त्याकडे बघत होते. त्यांनी गिअर टाकला. मी खाली उतरले आणि घरापर्यंत रडत गेले. संध्याकाळी मायनं सांगितल्यावर ते पेढे घेऊन आले, पण मला त्या पेढ्यांची चव लागली नाही. पुढे कितीतरी गोष्टी मी त्यांना सांगितल्याच नाहीत. ऑटो पुलावरून जात होता आणि मी त्या गोष्टी एकेक मोजत होते.

माय माझ्या उजवीकडे बसली होती. तिची पिशवी माझ्याच मांडीवर होती.

घरी आलो. आबांनी चप्पल काढली, हातपाय धुतले, खुर्चीवर बसले. माय चप्पल न काढताच उंबऱ्यात उभी राहिली. मग आत येऊन बरोबर त्यांच्या उजव्या बाजूला गेली. तिला एवढं नेमकं चालताना मी कधी बघितलं नव्हतं.

"रातच्याला तुमी कोन्या कुशीवर निजता?" तिनं मोठ्यानं विचारलं.

आबांना प्रश्न कळला, पण कशाला विचारतेय ते कळलं नाही. "उजव्या. लढाईपसून तसंच. उजवा कान उशीत घातला की दुनिया बंद होती. न्हाई त इंजिनाची घरघर ऐकू येऊन राहायची, झोपच येत नव्हती."

"म्हंजी रातच्याला तुमाला कायीच ऐकू येत नव्हतं."

"कायीच न्हाई."

माय त्यांच्या उजव्या कानाशी वाकली. मग म्हणाली, "लेकरू गेल्यावर तुमी आलते. त्या पयल्या रातीला म्या तुमाला काय म्हनले?"

"कवा? तू त बोललीच न्हाईस. निजली व्हतीस."

मला एक धाकटा भाऊ होता, हे मला माहीत आहे. मी पाच वर्षांची होते, तो दीड वर्षाचा असताना तापानं गेला. घरात त्याबद्दल कुणी बोलत नसे. त्यामुळे मायनं त्या रात्री काय सांगितलं होतं, मला माहीत नव्हतं. पण तिचा चेहरा मी बघितला. एखाद्याच्या अंगावर भिंत पडावी आणि त्यानं उभंच राहावं, तसा तो चेहरा होता.

ती स्वयंपाकघरात गेली. मी मागं गेले तर गॅस पेटलेला आणि त्यावर भांडंच नाही. ती ज्योतीकडे बघत होती. मी गॅस बंद केला.

"मला तुझ्याकडं ने," ती म्हणाली. "आत्ताच ने."

आबा फौजेतून परत आल्यापासून ती त्यांना एकटं सोडून कुठं राहिली नव्हती. दिवाळीला माझ्याकडे आली तरी संध्याकाळच्या बसनं परत. आबा दारात उभे राहिले. "काय झालं? मी काय केलं?" ते मला विचारत होते. मी म्हटलं, "आबा, फ्रिजमध्ये भाजी आहे."

भोकरला आल्यावर दोन दिवस तिनं माझ्या घरातलं धान्य निवडून काढलं. तिसऱ्या दिवशी दुपारी पडवीत बसून तूर निवडत होती. मी शेजारी वह्या तपासत होते. तिनं सुपातून नजर न काढता सांगायला सुरुवात केली.

तेव्हा आबा वर पंजाबात होते आणि ती सासरी, गावाला. घर मोठं, माणसं बरीच. आबांचं पत्र आलं होतं, चुलत्यांनी ते सगळ्यांसमोर वाचून दाखवलं होतं. त्यात लिहिलं होतं, लेकराला ताप आला तर घरी ठेवू नका, उदगीरला दवाखान्यात न्या. मग ताप आला. आजी म्हणाली, दृष्ट लागली. अंगारा लावला, मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. ज्वारीच्या काढणीचे दिवस, गाडी-बैल शेतात.

"मला पयल्याच दिवशी कळलं व्हतं, हा ताप येगळा हाय," माय म्हणाली. "लेकरू माझ्याकडं बघतच नव्हतं. पन सासऱ्याला म्हनायचं कसं, गाडी द्या? माझं तोंड उघडलं न्हाई. दोन दिस उघडलं न्हाई. तिसऱ्या दिवशी कुनाला न इचारता पदरात गुंडाळलं अन् सडकेवर जाऊन हुबी राह्यले. टेंपोवाल्यानं बसवलं. उदगीर दिसाया लागलं व्हतं."

तिनं सुपातला खडा उचलून बाजूला टाकला.

तार जायला आणि आबांना यायला पाच दिवस लागले. दिवसा त्या घरात नवऱ्याशी बोलायची सोय नव्हती. बायका चुलीपाशी, पुरुष ओसरीवर. जे काही बोलायचं ते रात्री दिवा मालवल्यावर. तर त्या रात्री तिनं आबांना सगळं सांगितलं. पत्र ऐकूनही मी गप्प बसले. माझ्यामुळं गेलं. मला मारा, शिव्या द्या, पण काहीतरी बोला. आबा तिच्याकडे पाठ करून पडले होते. ते बोलले नाहीत. हलले नाहीत. पहाटे उठून विहिरीवर गेले.

"म्या समजले, ह्यांनी मला मनातून काढून टाकलं," माय म्हणाली. "मानूस चांगला हाय म्हनून घरात ठिवलं. तवापसून म्या त्यायला कायी मागितलं न्हाई. कोन्या तोंडानं मागावं?"

माझ्या हातातला लाल पेन वहीवर तसाच टेकून राहिला आणि शाई पसरत गेली.

सगळं आयुष्य लोक माझ्या मायला गरीब गाय म्हणत आले. नवऱ्यापुढे आवाज नाही, साडीची हौस नाही, माहेरी जायचा हट्ट नाही. मावश्या मला सांगायच्या, तुझ्या मायसारखी हो. मीही माझ्या मुलीला हेच सांगितलं होतं. आणि ती मुळात तशी नव्हतीच. ती शिक्षा भोगत होती. आबांनी ती शिक्षा दिली नव्हती. त्यांना तिचा पत्ताही नव्हता.

"पन एकदा सांगाया काय झालतं त्यायला?" मायचा आवाज एकदम चढला. सूप कलंडलं. "नुसतं म्हनले असते, अगं, मला ह्या कानानं ऐकू येत न्हाई. तर म्या दुसऱ्या बाजूला जाऊन निजले असते की!"

मी वह्या बाजूला ठेवल्या. सांडलेली तूर गोळा करायला लागले.

आबा रोज फोन करत. माय घेत नसे. मीही त्यांना फार सांगितलं नाही, ते मायनं सांगायचं होतं. आठव्या दिवशी सकाळी दार वाजलं. आबा बसनं एकटे आले होते. उजव्या कानात मशीन. एकटेच दवाखान्यात जाऊन घेऊन आले होते. दाढी वाढलेली. त्यांची दाढी वाढलेली मी आयुष्यात पहिल्यांदा बघितली.

ते माझ्या पुढच्या खोलीत खुर्चीवर बसले आणि मायला म्हणाले, "त्या रातीला काय म्हनली व्हतीस ते आता सांग."

माय समोर बसली आणि बोलू लागली. दोन वाक्यं झाली आणि आबांनी हात वर केला. "मोठ्यानं बोल. ह्यात नुसतं खरखर येऊन राहिलं."

ती थांबली. खिडक्या उघड्या होत्या. समोरच्या बाई अंगणात कपडे वाळत घालत होत्या. मी खिडकी लावायला उठले.

"ऱ्हाऊ दे उघडी," माय म्हणाली.

आणि ती मोठ्यानं बोलली. जे तिनं एकदा अंधारात कुजबुजून सांगितलं होतं, ते तिला भर सकाळी ओरडून सांगावं लागलं. लेकरू माझ्याकडं बघत नव्हतं. माझं तोंड उघडलं न्हाई. मधेमधे आबा म्हणायचे, "काय? परत सांग." ती परत सांगायची. समोरच्या बाई कपडे तसेच बादलीत ठेवून आत निघून गेल्या. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते.

सगळं ऐकून झाल्यावर आबा स्वतःच्या हातांकडे बघत होते. मोठे हात आहेत त्यांचे, बोटं अजून जाड.

"मी निजलो व्हतो," ते म्हणाले. "तीन दिवस गाडीत उभा ऱ्हाऊन आलतो. पडलो अन् निजलो. लेकरू जाऊन पाचच दिस झालते, अन् तू बोलत व्हतीस, अन् मी निजलो व्हतो."

एवढंच. तुझी चूक नाही, असं ते म्हणाले नाहीत. माझी चूक आहे, असंही नाही. ते रडले. टँक चालवणारा माणूस, कुणाच्या मयतीला डोळे न भिजवणारा. मायनं त्यांना पाणी दिलं नाही. मी दिलं.

नंतर मी तिला एकटीला विचारलं, आता मोकळं वाटतं का गं? ती माझ्यावर उखडली. "मोकळं? तू लई शिकलेली हायस. एवढी वर्सं गेली त्येचं काय? ती कोन आनून देतं?"

चार दिवसांनी ती त्यांच्याबरोबर नांदेडला गेली. जाताना दोघं बसमध्ये शेजारी बसले. आबा खिडकीशी जायला लागले, ती म्हणाली, "थांबा. तुमी बाजूला बसा, मला खिडकी पाहिजे." आबा बाजूला झाले. माझ्या माहितीत तिनं त्यांच्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट.

आता ती भांडते. कशावरूनही भांडते. भाजी जून आणली, पंखा पुसला नाही, बहिणीच्या लग्नाला नेलं नव्हतं ते. मध्यंतरी चाचींचाच फोन आला, काळजीत होत्या. "बेटा, अम्माँ की तबियत ठीक है ना? आवाज आता रोज." मी म्हटलं, ठीक आहे चाची. पण खरं सांगायचं तर मला अजून सवय झालेली नाही. सत्तरी पार केलेली माझी माय मला नव्यानं भेटतेय, आणि तिच्याशी कसं बोलायचं ते मला समजत नाही.

गेल्या महिन्यात तिनं आबांना सांगितलं, मला गावाला घेऊन चला. मीही गेले. लहान लेकराला जाळत नाहीत, त्यामुळं भावाला शेताच्या बांधावर पुरलं होतं. आबा आले तेव्हा ते सगळं उरकलेलं होतं. कुणी त्यांना जागा दाखवली नाही आणि त्यांनी विचारली नाही. आता तिथं चुलत्यांच्या पोरांनी सोयाबीन पेरलंय. बांध दोनदा फुटून नव्यानं घातलेला. कसली खूण राहिली असणार?

माय चिखलातून सरळ चालत गेली आणि एका ठिकाणी थांबली. "इथं," ती म्हणाली.

आबा मागून पोचले. तिच्या डाव्या बाजूला उभे राहिले. त्यांनी चपला काढल्या आणि मला म्हणाले, "बाई, जरा धर मला. खाली बसायचंय."